पुठ्ठ्याएवढं अंतर

सोडियमचा दिवा लावला की पहिली दहा मिनिटं तो गुलाबी असतो. मग हळूहळू पिवळा होतो, आणि एकदा पिवळा झाला की त्या खोलीत दुसरा रंगच उरत नाही. लाल स्वेटर मातकट दिसतो, निळी शाई काळी दिसते, धडधाकट माणसाचे ओठही आजाऱ्यासारखे दिसतात. बावीस वर्षं मी हे दिवे लावतेय. परीक्षेच्या दिवशी ते साडेनऊला लावायचे असतात. त्या दिवशी मी सव्वाआठलाच लावले, मग उगाच जळतायत म्हणून विझवले, मग पुन्हा लावले. हा दिवा असा चालू-बंद करायचा नसतो. नव्या माणसानं केलं तर मीच त्याच्यावर खेकसते.

मी भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत मदतनीस आहे. कपाटांच्या किल्ल्या माझ्याकडे, उपकरणं मांडायची मी, पुसायची मी, आणि मुलांनी काही मोडलं तर बोलणी खायचीही मीच. सगळे मला मावशी म्हणतात. विभागप्रमुख सरसुद्धा म्हणतात, ते माझ्याहून दोन वर्षांनी मोठे असून. मला मावशी म्हणायचा खरा हक्क असलेली मुलगी कॉलेजात एकच, माझ्या ताईची लेक. त्या दिवशी तिची प्रात्यक्षिक परीक्षा होती आणि दिव्यांशी माझा चाललेला खेळ तो तिच्यामुळेच.

ती नापास होईल अशी भीती नव्हती. तशी ती हुशार. तिला वेधशाळेत पुढच्या शिक्षणासाठी जागा मिळाली होती, अट एवढीच की प्रात्यक्षिकात पास व्हायचं. भीती होती तिच्या स्वभावाची. लहानपणी लपंडावात तिच्यावर राज्य आलं की ती डोळे मिटून खरोखरच शंभरापर्यंत म्हणायची, एकही आकडा न गाळता. तोवर बाकीची मुलं कंटाळून घरी गेलेली असायची. आदल्या संध्याकाळी मी मुद्दाम ताईकडे गेले आणि बोलता बोलता तिला म्हटलं, "हे बघ, उत्तर पुस्तकात असतं तेवढंच येतं. फार डोकं चालवू नकोस."

"मग मोजायचं कशाला?" ती म्हणाली.

मी चहा अर्धा टाकून उठले. तिचं चुकलं नव्हतं, म्हणूनच मला राग आला.

आता प्रयोग काय ते सांगते, अवघड नाहीये. एक काच असते, तिच्यावर काळा थर. त्या थरात दोन बारीक फटी, केसासारख्या, एकमेकींच्या अगदी शेजारी. मागून पिवळा उजेड सोडला की पुढच्या भिंगात दोन उजळ रेघा दिसतील असं कुणालाही वाटेल. तसं होत नाही. पट्टे दिसतात, उजेड, अंधार, उजेड, अंधार, कंगव्यासारखे. दोन फटींतून आलेला उजेड एकमेकांत मिसळतो, कुठं एकमेकांना बळ देतो, कुठं एकमेकांना खाऊन टाकतो. एक फट झाकली की पट्टे नाहीसे होतात, आणि आधी जिथं अंधार होता तिथंही उजेड पसरतो. सरांनी मला हे पहिल्यांदा दाखवलं तेव्हा मी कागदाचा तुकडा पुढे-मागे सरकवत तासभर बसले होते. उजेड कमी केल्यावर अंधार जातो, हे काही केल्या माझ्या पचनी पडेना.

मुलांनी करायचं एवढंच: पट्ट्यांमधलं अंतर मोजायचं, काचेपासून भिंगापर्यंतचं अंतर मोजायचं, फटींमधलं अंतर संचाबरोबरच्या कार्डावरून घ्यायचं. मग थोडा गुणाकार-भागाकार केला की पिवळ्या उजेडाच्या लाटेची लांबी मिळते. पाचशे एकोणनव्वद नॅनोमीटर. हा आकडा परीक्षेच्या आधीच सगळ्यांना पाठ असतो, आणि खरा घोळ तिथंच आहे. मुलं शेवटून सुरुवात करतात. उत्तर लिहितात, मग त्याला साजेशी रीडिंग जुळवतात. हे सरांना माहीत आहे, मला माहीत आहे, परीक्षेला बाहेरून येणाऱ्यांनाही माहीत असतं, आणि सगळे त्याकडे कानाडोळा करतात.

आमच्याकडे या प्रयोगाचे दोन संच आहेत. पहिल्या संचातली काच कंपनीची. दुसऱ्या संचातली माझी.

सात वर्षांपूर्वी त्या संचातली मूळ काच माझ्या हातून फुटली. पंधरा वर्षं हंगामी काढल्यावर माझी कायमची ऑर्डर त्या महिन्यात निघायची होती, आणि त्याआधी दोनच आठवडे माझ्या हातून एक लोलक फुटला होता. तेव्हाच्या प्राचार्यांनी सरळ सांगितलं होतं की आता एक जरी वस्तू फुटली तरी माझ्या कागदावर सही होणार नाही. आणि मग ही काच. मी तुकडे रुमालात गुंडाळून घरी नेले, कुणाला अक्षर बोलले नाही.

कार्डावर लिहिलं होतं, फटींमधलं अंतर अर्धा मिलिमीटर. मी विचार केला, दोन ब्लेडं घ्यावी, मधे बरोबर अर्ध्या मिलिमीटर जाडीचं काहीतरी घालावं, चिकटपट्टीनं बांधावं आणि काळ्या शाईनं रंगवलेल्या काचेवर एकदाच सरळ ओढावं. प्रयोगशाळेतला स्क्रूगेज पर्समध्ये घालून आणला आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर घरातला मिळेल तो पुठ्ठा मोजला. बिस्किटांचं खोकं पातळ निघालं, बुटांचं जाड. माझ्या मुलाच्या एका वहीचा पुठ्ठा मात्र बरोबर अर्धा मिलिमीटर भरला. मी त्यातली बोटभर पट्टी कापून घेतली. मुलानं विचारलं तेव्हा उंदरानं कुरतडलं असेल म्हणून त्याला वाटेला लावलं.

काच झकास झाली. पट्टे इतके स्वच्छ की कंपनीच्या काचेला लाजवतील. जुनं कार्ड तिच्याबरोबर ठेवलं, ऑर्डर निघाली, आणि मी सुटकेचा निःश्वास टाकला.

दोन वर्षांनी एका दुपारी मी ब्लेडनं पेन्सिलीला टोक काढत होते आणि माझा हात तिथंच थांबला. मी पुठ्ठा मोजला होता. ब्लेडं मोजली नव्हती. ब्लेडलाही जाडी असते. धार पात्याच्या मधोमध असते, म्हणजे दोन धारांमधलं अंतर पुठ्ठ्याएवढं नाही, त्याहून थोडं जास्त. किती जास्त, ते मोजायला दहा मिनिटं लागली असती, मायक्रोस्कोप शेजारच्या कपाटात होता आणि किल्ली माझ्या कमरेला होती. मी मोजलं नाही. मोजलं असतं तर कळलं असतं, आणि कळलं असतं तर सांगावं लागलं असतं. शिवाय मुलांची उत्तरं बरोबर येत होती. त्या संचावर दर वर्षी दहा-बारा मुलं, सगळ्यांचं पाचशे एकोणनव्वद. मी स्वतःची समजूत घातली की इतक्या जणांचं बरोबर येतंय म्हणजे काच बरोबरच असणार. मुलं जुळवतात हे मला माहीत असूनही.

सगळ्यांचं म्हणाले, पण एकाचं नव्हतं आलं. काच केली त्याच वर्षी माझा मुलगा आमच्याच कॉलेजात परीक्षेला होता. प्रात्यक्षिकात नापास झाला, पुन्हा बसायला तयार होईना, शिक्षण सोडून चष्म्याच्या दुकानात कामाला लागला. मी त्याला काय काय बोलले असेन त्याला सुमार नाही. प्रयोगशाळेत काम करणाऱ्या बाईचा मुलगा प्रयोगात नापास, माझी मान खाली गेली होती. "तुझ्या हाताला मोजमापच नाही," हे माझं ठरलेलं वाक्य. चारचौघांत म्हणायचे, ताईसमोर म्हणायचे, तो जेवायला बसला असताना म्हणायचे. त्याचं उत्तर काय आलं होतं ते मी कधी विचारलं नाही. ते आणि ही काच मी मनात कधी जोडली नाही. जोडली नाही असं म्हणते खरं, जोडायची नव्हती असं म्हणायला हवं.

तर साडेनऊला दारात चिठ्ठ्यांचा डबा फिरला. बाहेरून परीक्षक बाई आल्या होत्या, बारीक अंगकाठी, आवाज मऊ, आणि डोळे असे की टेबलावरची धूळही त्यांना दिसावी. भाचीनं डब्यात हात घातला. मी दाराची कडी पुसत होते, खरं तर नुसतीच फडकं फिरवत होते.

"दुहेरी फट," तिनं वाचलं. "दुसरा संच."

माझ्या हातातलं फडकं खाली पडलं.

पुढचा दीड तास मी एका जागी दोन मिनिटंही टेकले नाही. पाण्याचा जग भरला, तो भरलेलाच होता. पडदे सारखे केले. अंधाऱ्या खोलीत जाऊन दिवा बघून आले, बाहेर आले, पुन्हा गेले. सर म्हणाले, "मावशी, बसा की जरा." मी खुर्ची ओढली आणि तीच पुसायला लागले. एक मन म्हणत होतं की ही मुलगीही शेवटी शहाण्यासारखं जुळवेल. दुसरं मन म्हणत होतं की हिनं आयुष्यात कधी शंभरातला एक आकडा गाळलेला नाही.

सव्वाअकराला परीक्षक बाई तिच्या टेबलाशी गेल्या. मी मागेच होते, टॉर्च घेऊन.

"हा दिवा कुठल्या रंगाचा?" त्यांनी विचारलं.

"पिवळा."

"आणि तुझं उत्तर?"

"चारशे एक्याण्णव. म्हणजे हिरवट निळा."

"मग?"

"मग कुठंतरी चूक आहे, मॅडम. पण पट्ट्यांत नाही. चारदा मोजले."

सर लगबगीनं आले. "अगं, डोळ्यांना ताण आला असेल. पुन्हा एकदा घे रीडिंग. थोडं इकडं-तिकडं होतंच." सरांच्या या वाक्याचा अर्थ कॉलेजातलं शेंबडं पोरही जाणतं.

"थोडं नाहीये, सर," ती म्हणाली. "बरोबर सहावा हिस्सा कमी येतंय. चारही वेळा तेवढंच. मला वाटतं कार्डावरचा आकडा चुकलाय. फटींमधलं अंतर मी मायक्रोस्कोपखाली मोजून बघू का?"

परीक्षक बाईंनी घड्याळ पाहिलं. "नियमात कार्डावरचा आकडा धरायचा आहे. तपासायचा नाही असं काही कुठं म्हटलेलं नाही. वेळ तुझा जाईल. आणि नुसतं हे उत्तर कागदावर राहिलं तर मला पास करता येणार नाही, हे आधीच सांगते."

"पाऊण तास आहे. पुरेल." मग ती माझ्याकडे वळली. परीक्षेत ती मला अहो-जाहो करत होती. "मावशी, ट्रॅव्हलिंग मायक्रोस्कोप काढून द्याल का?"

"तो बंद आहे," मी म्हणाले. "स्क्रू घसरतो त्याचा."

इतकं सहज तोंडातून गेलं की मलाच नवल वाटलं. सरांनी माझ्याकडे पाहिलं. दोन दिवसांपूर्वी मीच तो मायक्रोस्कोप तेल घालून त्यांना दाखवला होता. पण ते मूग गिळून गप्प बसले. माझी बाजू घ्यायला नाही, उगाच भानगड नको म्हणून. परीक्षक बाई दुसऱ्या टेबलाकडे गेल्या. भाची पाचव्यांदा पट्टे मोजायला लागली.

मी व्हरांड्यात गेले. तिथं नळ होता तो सोडला, बंद केला. कमरेच्या किल्ल्या वाजत होत्या म्हणून मुठीत धरल्या. दोन वर्षांनी मी निवृत्त होणार. या वयात चौकशी, चारजणांची कुजबुज, दर वर्षी संच तपासल्याची सही केली म्हणून सरही अडकणार. आणि आत ताईची मुलगी बसलीय, तिच्या हाती वेधशाळेचं पत्र आलेलं आहे, आणि ते मी फाडतेय. दोन्ही गोष्टी एकदम डोक्यात घुमत होत्या. शेवटी वाटलं, तिलाच समजावावं. म्हणजे पुन्हा माझीच सोय बघितली.

अंधाऱ्या खोलीत तिच्या टेबलाशी दिवा नीट करायच्या निमित्तानं वाकले आणि दातओठ खात कुजबुजले, "उत्तर माहीत आहे ना तुला? लिही आणि मोकळी हो. सगळे तेच करतात. असा हट्ट धरशील तर वेधशाळेवर पाणी सोडावं लागेल."

"दादानं नव्हतं केलं तसं," ती भिंगातून डोळा न काढता म्हणाली.

"म्हणजे?"

"त्याचंही चारशे एक्याण्णवच आलं होतं. याच संचावर. मी विचारलं होतं त्याला, तुझं काय चुकलं होतं म्हणून. कारण नाही सांगितलं, आकडा तेवढा सांगितला. आज माझा आला तेव्हा अंगावर काटाच आला, मावशी. दोन माणसं सारखीच कशी चुकतील?"

मी टेबलाची कड धरली. त्या पिवळ्या उजेडात माझे हात मला परक्या बाईचे वाटले. सात वर्षं मी त्या पोराला म्हणत होते की तुझ्या हाताला मोजमाप नाही. अख्ख्या वर्गात त्या संचावर बरोबर मोजलेलं एकट्यानंच. मला लाज वाटली, आणि लाजेच्याही आधी राग आला, स्वतःचा, इतका की तोंडात मारून घ्यावंसं वाटलं.

मी बाहेर आले, कपाट उघडलं. मायक्रोस्कोप जड आहे, दोघांनी उचलायचा असतो. मी एकटीनं उचलला आणि तिच्या टेबलावर नेऊन ठेवला. परीक्षक बाई मागोमाग आल्याच.

"स्क्रू घसरत नाही," मी म्हणाले. "मी खोटं बोलले. आधी तिचं होऊ द्या, मग सांगते."

आकडा किती निघेल याचा मला अंदाज होता. पण तो मी सांगितला असता तर तिचा राहिला नसता. म्हणून तोंड मिटून उभी राहिले. तिनं काच भिंगाखाली धरली, एका फटीच्या कडेवर भिंगातली रेघ आणली, वाचलं, लिहिलं. दुसऱ्या फटीच्या तशाच कडेवर आणली, वाचलं, लिहिलं. मग उलट दिशेनं पुन्हा. बावीस वर्षांत इतक्या सावकाश कुणी मोजलेलं मी पाहिलं नव्हतं. मी जागच्या जागी पाय बदलत होते आणि ती मात्र स्क्रू अर्ध्या अर्ध्या घरानं फिरवत होती.

"अर्धा नाही," ती म्हणाली. "शून्य पूर्णांक सहा."

तिनं आकडेमोड केली. पाचशे एकोणनव्वद आलं. घंटा व्हायला चार मिनिटं बाकी होती.

परीक्षक बाईंनी स्वतः भिंगातून पाहिलं. "ही काच कंपनीची नाही. कुणी केली?"

"मी."

सगळं सांगितलं. लोलक, काच, ऑर्डर, पुठ्ठा, ब्लेडं. आणि हेही की पाच वर्षांपासून मला शंका होती. सर खाली बघत चष्मा पुसत राहिले, पुसून झाला तरी.

"सात वर्षं," परीक्षक बाई म्हणाल्या. आवाज तसाच मऊ. "दर वर्षी दहा-बारा मुलं धरली तर सत्तर-ऐंशी. आणि या काचेवर सगळ्यांचं पाचशे एकोणनव्वद कसं आलं, सर?"

सरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"एकाचं नव्हतं आलं," मी म्हणाले. "त्याला आपण नापास केलं."

भाचीच्या कागदावर त्यांनी काहीतरी लिहिलं आणि खाली मोठी सही केली. ती पास झाली हे मला तिच्या चेहऱ्यावरूनच कळलं. मला सर म्हणाले, "मावशी, लेखी द्या." तिथंच टेबलावर बसून दिलं, दीड पान. त्याचं पुढं काय होईल ते मला अजून ठाऊक नाही. कपाटाच्या किल्ल्या काढून ठेवल्या तेव्हा कंबर फार हलकी वाटली, आणि मी तशीच निघाले.

चष्म्याचं दुकान कॉलेजपासून पंधरा मिनिटांवर आहे. मी आठ मिनिटांत पोचले. दुकानात मालक होते, आणि फ्रेम निवडत बसलेलं एक जोडपं. मुलगा मागच्या टेबलावर काच घासत होता. मला बघून त्यानं यंत्र बंद केलं.

"काय झालं? चष्मा मोडला?"

"नाही. तुझं उत्तर किती आलं होतं रे तेव्हा?"

तेव्हा म्हणजे कधी, हे त्यानं विचारलं नाही. "चारशे एक्याण्णव," तो म्हणाला.

"बरोबर होतं ते. काच मी केली होती. कार्ड चुकीचं होतं."

"माहीत आहे मला."

"काय माहीत आहे?"

"काच तू केली होतीस ते." त्यानं हातातली काच फडक्यावर ठेवली. "उंदीर इतकं सरळ कापत नाहीत, आई."

तो शांतपणे बोलत राहिला, जसा गिऱ्हाइकाला काचेतला फरक समजावून सांगतो तसा. "परीक्षेत आकडा आला तेव्हा काच काढून बघितली. कडेला चिकटपट्टीचा डाग होता, आपल्या घरातल्या चिकटपट्टीचा. मग वही आठवली. इथं लागल्यावर पहिल्याच आठवड्यात उरलेला पुठ्ठा आणून मोजला, काचेची जाडी मोजतो ना, त्या मापानं. अर्धा मिलिमीटर. फटी ब्लेडनंच ओढल्या असणार, दोन ब्लेडांची अर्धी-अर्धी जाडी मिळून एक दशांश. हिशेब जुळला."

"मग तोंड का नाही उघडलंस?"

"तुझी ऑर्डर यायची होती त्या महिन्यात."

"मग आकडा तरी बदलायचास. सगळे बदलतात."

"तो नाही बदलता आला," तो म्हणाला, जणू सगळ्यात त्याची चूक काय ती एवढीच.

सात वर्षं त्यानं माझं ते वाक्य ऐकून घेतलं होतं. भाताचा घास तोंडात असताना, माणसांसमोर, मान खाली घालून. एका शब्दानं माझं तोंड बंद करता आलं असतं त्याला. मी चारचौघांत बोलले होते, म्हणून मालक आणि ते जोडपं ऐकत असताना मोठ्यानं म्हटलं, "माझं चुकलं. तुझ्या हाताला मोजमाप आहे. माझ्याच नाही. मला माफ कर."

जोडप्यातली बाई फ्रेम हातात धरून आमच्याकडे बघत राहिली. मालकांनी उगाच गल्ल्याचा खण उघडून बंद केला. मुलाचे कान लाल झाले, लहानपणी व्हायचे तसे.

"बस इथं," तो म्हणाला. "चष्मा एका बाजूला उतरलाय तुझा. धावत आलीस का?"

मी उंच स्टुलावर बसले. तो समोर आला, त्यानं माझ्या नाकावर छोटी पट्टी आडवी धरली. मी पदर सारखा केला, पुन्हा केला, सकाळपासून स्वस्थ बसवतच नव्हतं.

"हलू नकोस, आई."

मी हलले नाही. एका बुबुळापासून दुसऱ्या बुबुळापर्यंत त्यानं मोजलं, ओठांतल्या ओठांत आकडा म्हटला, पेन उचललं. आणि कार्डावर लिहिण्याआधी पुन्हा एकदा मोजलं.